वाईचा घाट ते मेणवली: नदीकाठच्या एका छोट्या फेरीचं नियोजन

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावाच्या वाचनालयात इतिहास वाचणाऱ्यांचा एक गट आहे. त्या वर्षी त्यांनी पेशवाईचा उत्तरार्ध वाचायला घेतला होता. पानिपत, बारभाई, नाना फडणवीस असं करत करत थंडी पडली, आणि बैठकीत कोणीतरी म्हणालं की नानांची मेणवली इथून तासाभरावर आहे, एकदा जाऊनच येऊ. गाडीने जायचं, वाडा बघायचा आणि गाडीने परत यायचं यात मात्र कोणाला रस नव्हता. कृष्णेच्या काठाने थोडं चालावं, घाट नीट बघावेत, वाटेत थांबून बोलावं, असं सगळ्यांच्या मनात होतं.

गटाचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. एकूण २३ जण होते. सगळ्यात मोठे आजोबा ७६ वर्षांचे, सगळ्यात लहान मुलगी चौथीतली. सूत्रं वाचनालयाच्या ग्रंथपाल ताईंकडे होती आणि इतिहासाची बाजू भूगोलाच्या एका निवृत्त सरांकडे. मी वाई भागातला, म्हणून वाटेबद्दल विचारायला त्यांनी मला बोलावलं. त्यामुळे कोणता निर्णय का झाला हे जवळून पाहता आलं.

हा परिसर न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. महाबळेश्वराहून निघालेली कृष्णा धोमच्या धरणात अडते, तिथून मेणवलीला आणि मग वाईला येते. वाई आणि मेणवली यांच्यात साधारण तीन किलोमीटरचं अंतर. वाईला सात आळ्या, आणि प्रत्येक आळीचा नदीवर आपला घाट: गणपती आळी, मधली आळी, धर्मपुरी, गंगापुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव एका घाटावरून दुसऱ्या घाटावर फिरतो. अफझलखान १६५९ मध्ये वाईला तळ देऊन होता, तेव्हा शिवाजी महाराजांना यश यावं म्हणून कृष्णामाईला नवस बोलला गेला आणि त्यातून हा उत्सव सुरू झाला, अशी इथली परंपरा सांगते.

वाईचा दुसरा इतिहास विद्येचा आहे. नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा इथली. विनोबा तिथे शिकायला आले होते, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तिथेच घडले, आणि पुढे मराठी विश्वकोशाचं कामही तर्कतीर्थांमुळे वाईतच उभं राहिलं. एका सकाळच्या फेरीत हे सगळं बसवायचं तर काहीतरी सोडावं लागणार होतं. पण पहिल्या बैठकीत ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

अडचण

सरांनी कागदावर जी वाट आखली ती अशी: सकाळी वाईत उतरायचं, सातही घाट बघायचे, नदीकाठाने मेणवलीला जायचं, वाडा बघायचा, तसंच पुढे धोमला जाऊन नृसिंहाचं देऊळ आणि कमळाच्या आकाराच्या कुंडातला नंदी बघायचा आणि बसने परतायचं. चालणं आठ-नऊ किलोमीटरचं. नकाशावर ते सोपं दिसत होतं, कारण नकाशावर नदीचा काठ ही एक अखंड रेघ असते.

प्रत्यक्षात वाई ते मेणवली अशी एकसलग काठाची पायवाट नाही. घाट संपला की मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन लागते, मग उसाचा फड, मग हळदीचं रान. कुठे बांधावरून वाट आहे, कुठे पाणंद आहे, कुठे शेतकऱ्याने काटेरी फांद्या लावून वाट बंद केलेली असते, आणि तो त्याचा हक्क आहे. मध्ये ओढे नदीला मिळतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी ते दगडावरून ओलांडता येतात, एरवी वर रस्त्यावर यावं लागतं.

पाण्याची गोष्ट त्याहून महत्त्वाची होती. पावसाळा संपला की नदी शांत झाली, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पण वर धरण असलेल्या नदीचं पाणी आकाशाकडे बघून सांगता येत नाही. रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडायचं पाणी, सुरू झालं, खालच्या बंधाऱ्यांसाठी पाणी सोडलं, धरणाच्या पायथ्याचं वीजगृह चालू झालं, की निरभ्र आकाशाखालीही घाटाच्या चार पायऱ्या बुडतात. सरांनी दोन तरुणांना घेऊन वाट पाहिली ती फेरीच्या पंधरवडाभर आधी. तेव्हा ओढ्याच्या तोंडाशी दगड कोरडे होते आणि तिघंही बूट न भिजवता पलीकडे गेले. त्या एका पाहणीवर सगळी आखणी उभी होती.

तिसरी अडचण माणसांची. आजोबांचे गुडघे दुखतात. ते चालायला तयार होते आणि त्यांना वगळणं कोणालाच मान्य नव्हतं. दोघींना मधुमेह, म्हणजे नाश्त्याची वेळ चुकवून चालणार नव्हतं. मुलं चार. त्यांना तासभर भाषण ऐकवलं तर ती पाण्याकडे पळणार हे उघड होतं.

समोरचे पर्याय

दुसऱ्या बैठकीत तीन मार्ग समोर आले.

पहिला, सगळं गाडीने. ढोल्या गणपती, वाडा, धोम, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास. आजोबांची सोय झाली असती, पण मूळ इच्छाच गेली असती. दुसरा, सरांची पूर्ण वाट, फक्त धडधाकट लोकांसाठी, आणि बाकीच्यांनी धोमला भेटायचं. यावर ताईंनी आक्षेप घेतला. वर्षभर एकत्र वाचलेल्या माणसांचे नेमक्या सहलीच्या दिवशी दोन तट पडतात, हे त्यांना पटत नव्हतं. तिसरा, फक्त वाई ते मेणवली, सातऐवजी दोन घाट, आणि धोम पूर्ण सोडून देणं.

सरांना धोम सोडवत नव्हतं. त्यांचं म्हणणं, इतक्या जवळ जाऊन नंदी न बघता यायचं? मला मात्र तिसराच मार्ग योग्य वाटला आणि मी तसं सांगितलंही. इतिहास बघायच्या फेरीत वेळ चालण्यात जात नाही, उभं राहण्यात जातो. २३ माणसं एका देवळासमोर थांबली, सगळे येईपर्यंत पाच मिनिटं, बोलणं पंधरा, प्रश्न दहा, फोटो पाच. अशा चार जागा धरल्या की दोन तास उभ्या उभ्या गेले. तीन किलोमीटर चालायला तास पुरतो, पण फेरी साडेतीन तासांची होते. आठ किलोमीटरची फेरी याच हिशोबाने संध्याकाळपर्यंत जाईल आणि शेवटच्या दोन ठिकाणी कोणी काही ऐकणार नाही.

ताईंनी सरांना विचारलं, "सर, धोमला गेल्यावर तुम्ही काय सांगणार आहात?" सर म्हणाले, धौम्य ऋषींची कथा आणि कुंडाची रचना. ताई म्हणाल्या, "आणि मेणवलीला?" त्यावर सर बराच वेळ बोलत राहिले. मग त्यांनीच कागदावरचं धोम खोडलं.

दिशा आणि वेळ

मेणवलीहून वाईकडे यायचं की वाईहून मेणवलीकडे जायचं, हा प्रश्न किरकोळ वाटतो. यावर अर्धी बैठक गेली, आणि ती जायलाच हवी होती.

मेणवलीहून सुरुवात केली तर शेवट वाईत होतो. तिथे हॉटेलं आहेत, स्वच्छतागृहं आहेत, एसटी स्टँड आहे. थकलेल्या लोकांना शेवटी गावात आणणं नेहमी सोयीचं. पण सकाळी त्या दिशेने चालताना ऊन थेट डोळ्यांवर येतं. वाडा बघायला मिळायचा तर तिथे पोचायला दहा वाजायला हवेत. आणि वाईचे घाट दुपारी बघण्यात अर्थ नाही, कारण तोवर महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्या गाड्यांची गर्दी गणपतीसमोर झालेली असते. साडेसातला वाईतून निघालं तर घाट मोकळे मिळतात, ऊन पाठीवर राहतं आणि वाडा उघडायच्या वेळेला माणसं मेणवलीत असतात.

ताईंनी वाई ते मेणवली हीच दिशा धरली आणि परतीसाठी एक टेम्पो ट्रॅव्हलर मेणवलीत उभी करायचं ठरवलं. वडापची जीप मिळते, पण २३ माणसांना एका वेळी मिळेल याची खात्री नाही. हीच गाडी आजोबांना वाईचा घाट बघून झाल्यावर मेणवलीला नेणार होती. म्हणजे दोन्ही ठिकाणी आजोबा सगळ्यांबरोबर, आणि मधलं चालणं तेवढं टळलं. नाश्ता निघण्याआधी वाईतच, गूळपोळी आणि केळी पिशवीत.

तारीख जानेवारीतली, कृष्णाबाईचा उत्सव सुरू होण्याआधीची धरली. काही बायकांना उत्सवातच जायचं होतं, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं: मांडव घातलेला घाट, महाप्रसादाच्या पंगती, देवीचं दर्शन हाच वाईचा जिवंत इतिहास आहे. पण उत्सवात घाटाची बांधणी बघायला मिळत नाही, माणसंच दिसतात. त्यांनी उत्सवाला वेगळं जायचं ठरवलं आणि पुढे त्या गेल्याही.

इतिहासातलं काय सांगायचं

सरांकडे तेरा-चौदा मुद्द्यांची यादी होती. त्यातली निम्मी माहिती सगळीकडे फिरते तशी ऐकीव. यादी वाचताना गटातल्या एका बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी एका ओळीवर बोट ठेवलं. ओळ अशी: "चिमाजी अप्पांनी वसईहून आणलेली घंटा नानांना दिली, ती मेणवलीच्या घाटावर आहे."

काकांनी वहीत तीन तारखा लिहिल्या. वसईचा किल्ला पडला मे १७३९ मध्ये. चिमाजी अप्पा वारले डिसेंबर १७४० मध्ये. नाना, म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, जन्मले फेब्रुवारी १७४२ मध्ये. मग देणाऱ्याने दिली कोणाला?

माझ्या मते या सगळ्या नियोजनातली सगळ्यात मोलाची घडी ती होती. घंटा खोटी नाही. मेणवलीच्या घाटावर देवळाशेजारी छोट्या दगडी बांधणीत ती टांगलेली आहे आणि तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे. वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांमध्ये गेल्या. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ आणि भीमाशंकर इथे तशा घंटा आजही दिसतात. पण मेणवली नानांकडे आली ती १७६८ च्या सुमारास, वाडा आणि घाट त्यानंतरचे. म्हणजे वसई पडली तेव्हा आणि ही घंटा या घाटावर टांगली गेली तेव्हा, यांच्यात किमान एक पिढी गेलेली आहे. दोन मोठी नावं एका वाक्यात बसवण्याच्या नादात ही पिढी गाळली जाते.

यादी तिथून बदलली. सरांनी प्रत्येक मुद्द्यापुढे दोनपैकी एक खूण केली: जे सनावळीला टिकतं ते, आणि जे परंपरेने सांगतात ते. वाई म्हणजेच महाभारतातली विराटनगरी ही कथा परंपरेच्या बाजूला गेली, नवसाची कथाही तिथेच. त्या सांगायच्या नाहीत असं नव्हे. "असं सांगतात" म्हणून सांगायच्या, इतकंच.

मग प्रश्न उरला की हे सगळं एका धाग्यात कसं ओवायचं. नाहीतर प्रत्येक ठिकाणी वेगळी गोष्ट, आणि घरी पोचेपर्यंत सगळ्यांची सरमिसळ. मी एक सुचवलं आणि ते त्यांनी उचललं: इमारतींना विचारायचं की बांधणाऱ्याला नदी कुठवर येते हे ठाऊक होतं का, आणि त्याने त्याचं काय केलं. नदीकाठाने चालणाऱ्याला हा प्रश्न पायाखालीच मिळतो. ढोल्या गणपतीचं देऊळ या प्रश्नाचं सरळ उत्तर देतं. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी ते १७६२ मध्ये बांधलं. देवळाची मागची भिंत सपाट नाही, मत्स्याकार आहे, वरून येणाऱ्या पाण्याकडे निमुळती होत गेलेली. पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही बाजूंनी निघून जातं. देवळासमोर उभं राहणाऱ्याला हे कधीच दिसत नाही, त्यासाठी मागे जावं लागतं. शंभरातले नव्वद लोक दर्शन घेऊन समोरूनच परततात.

आणि १७६२ हे सालही बोलतं. पानिपत १७६१ चं. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या, वाई त्यांचं माहेर, आणि त्यांचा विश्वासराव पानिपतावर पडलेला. नाना स्वतः पानिपतावर होते, जीव वाचवून परतले, त्यांच्या आईचा मात्र त्या धामधुमीत पत्ता लागला नाही. वाई आणि मेणवली, दोन्ही ठिकाणचं मोठं बांधकाम त्या आघातानंतरचं आहे. वर्षभर पानिपत वाचलेल्या गटाला यापेक्षा जवळचं काय असणार? विश्वकोश आणि प्राज्ञपाठशाळा यासाठी बाजूला ठेवावी लागली. ती वेगळ्या दिवसाची गोष्ट आहे, आणि गावातून फिरण्याची, काठाने चालण्याची नव्हे.

प्रत्यक्ष फेरी

दोन दिवस आधी ताईंनी मला फोन केला. मी घाटावर जाऊन पाहिलं तर खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. ओळखीच्या एका शेतकऱ्याकडून कळलं की वरून पाणी सुटलंय. ताईंनी त्याच संध्याकाळी गटाला नियम कळवला: ओढ्याच्या तोंडाशी सगळ्यात खालचा दगड ओला असेल तर तिथून कोणीही ओलांडायचं नाही, वरच्या रस्त्याने जायचं. तिथे पोचल्यावर चर्चा नाही. घरी बसून, डोकं शांत असताना घेतलेला हा निर्णय पुढे किती कामाला आला ते लवकरच दिसलं.

सकाळी पावणेआठ झाले निघायला. गणपतीच्या घाटावर सर आधी काहीच बोलले नाहीत. त्यांनी सगळ्यांना देवळाच्या मागे नेलं आणि विचारलं, ही भिंत अशी का असेल? मोठ्यांनी शोभेपासून वास्तुशास्त्रापर्यंत उत्तरं दिली. मुलांना पाण्यापासून देवळाच्या जोत्यापर्यंत पायऱ्या मोजायचं काम दिलं होतं आणि ती मोजून परत आली होती. त्यांच्यातला एक मुलगा म्हणाला, "पाणी इथपर्यंत येत असेल ना, म्हणून." मग सर बोलले. आजोबा पायरीवर बसून ऐकत होते. शेजारच्या काशी विश्वेश्वराच्या देवळात, नंदीपाशी, आणखी थोडं थांबणं झालं. या दोन ठिकाणी ठरलेल्या चाळीस मिनिटांऐवजी तास गेला.

पुढच्या घाटावर एका कुटुंबाचा दशक्रिया विधी चालला होता. ताईंनी हात वर करून सगळ्यांचे फोन खिशात ठेवायला लावले आणि गट वरच्या बाजूने, न बोलता पुढे गेला. नदीकाठच्या गावात हे रोजचं आहे. फिरायला आलेल्याने तिथे थांबायचं नसतं.

घाट सोडल्यावर पाणंदीने चालणं झालं. ऊसतोड चालू होती, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना वाट द्यायला दोनदा बाजूला व्हावं लागलं. डावी-उजवीकडे हळद काढायला आलेली, उत्तरेला पांडवगड स्वच्छ दिसत होता. या टप्प्यात कोणी इतिहास बोललं नाही आणि ते चांगलं झालं. माणसं एकमेकांशी बोलली, मुलं पुढे-मागे पळाली.

ओढ्याशी आले तेव्हा खालचे दगड बुडालेले होते, वरचे उघडे. पाणी घोट्याच्या वर नसेल. पाहणीला आलेल्यांपैकी एक तरुण म्हणाला, मी पलीकडे जाऊन हात देतो, पाच मिनिटांत सगळे पार होतील. रस्त्याने गेलं तर वळसा आणि डांबर. पाचसात जण त्याच्या बाजूने झाले. ताईंनी फक्त नियम पुन्हा सांगितला आणि वळल्या. सरही त्यांच्यामागे वळले, तेव्हा बाकीचे गेले.

पाणी उथळ होतं, हे खरंच. पण त्या दगडांवर शेवाळ धरलेलं होतं, २३ जणांत चार मुलं आणि साठीच्या पुढचे नऊ होते, आणि वर धरणातून किती पाणी कधी येणार हे त्या ओढ्यापाशी उभ्या असलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. एकट्याने चालताना जो धोका घेता येतो तो गट घेऊन चालणाऱ्याला घेता येत नाही. ताईंचा निर्णय बरोबर होता, आणि सगळे सुखरूप पोचले म्हणून मी तसं म्हणत नाही. त्या क्षणी हाताशी जी माहिती होती तिच्यावर दुसरा निर्णय करता आला नसता.

रस्त्याचा टप्पा मात्र त्रासाचा गेला. शनिवार असल्याने पर्यटकांच्या गाड्या सुरू झाल्या होत्या. उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, एकामागे एक चालवत सरांनी सगळ्यांना नेलं. साडेदहाच्या पुढे मेणवली आली.

आजोबा तिथे आधीच वाड्याच्या दारात तिथल्या माणसाशी गप्पा मारत होते. वाडा खासगी मालकीचा आहे हे त्यांनी आत जाण्याआधी सगळ्यांना सांगितलं. कोणाच्या तरी घरात आपण जातोय हे लक्षात राहिलं की आवाज आपोआप खाली येतो. सहा चौकांचा तो वाडा, लाकडी खांब, भिंतींवरची चित्रं. वर एका वेळी थोड्यांनीच जावं अशी सूचना मिळाली, म्हणून गट तीन वेळा विभागून गेला आणि आणखी वेळ गेला. खाली थांबलेल्यांना काका 'मेणवली दप्तर' म्हणून इतिहासकारांना परिचित असलेल्या नानांच्या कागदपत्रांबद्दल सांगत बसले. एवढा मोठा कारभारी, ज्याचं सगळं आयुष्य कागदावर चाललं, त्याचे कागद या गावात होते, हे ऐकताना उभे असलेले लोक खाली बसले.

मग मागच्या दाराने घाटावर. चंद्रकोरीसारखा वळलेला तो घाट बऱ्याच जणांनी चित्रपटांमधून पाहिलेला होता, आणि मुलांना तोच आधी आठवला. सरांनी त्यांना तेही बोलू दिलं. नंतर सगळे घंटेपाशी जमले आणि काकांनी आपली वही उघडून तीन तारखा वाचल्या. चौथीतल्या मुलीने विचारलं, "मग मधली तीस वर्षं घंटा कुठे होती?" प्रश्न चांगला होता. काकांनी तो वहीत तारखांच्या खाली लिहून घेतला.

हाती काय लागलं

ठरल्यापेक्षा पाऊण तास उशीर झाला. जेवण वाईला परत येऊन, दीड वाजता. मधुमेह असलेल्या दोघींनी मेणवलीच्या घाटावर बसून गूळपोळी बाजूला ठेवून केळी आणि चणे खाल्ले, त्रास झाला नाही. कोणी पडलं नाही, कोणी मागे राहिलं नाही. धोमची आठवण सरांनीसुद्धा काढली नाही.

पुढच्या बैठकीत लोक काय बोलले ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताईंनी विचारलं, काय लक्षात राहिलं? बहुतेकांनी दोनच गोष्टी सांगितल्या: देवळाची मागची भिंत आणि घंटेच्या तारखा. दोन्ही ठिकाणी त्यांनी स्वतः काहीतरी ताडून पाहिलं होतं. जिथे फक्त ऐकलं ते विसरायला झालं होतं.

वेगळं काय करता येईल

वाटेची पाहणी फेरीच्याच आठवड्यात व्हायला हवी. पंधरवड्यापूर्वीचा कोरडा दगड काही सांगत नाही. धरणाखालच्या नदीवर जायचं असेल तर आवर्तन कधी आहे हे पाटबंधारे विभागाकडे किंवा तिथल्या पाटकऱ्याकडे आधी विचारावं, आणि निघायच्या आदल्या दिवशी घाटाच्या कितव्या पायरीला पाणी आहे हे कोणाकडून तरी कळून घ्यावं. हे एका फोनचं काम आहे.

ओढ्यानंतरचा रस्त्याचा टप्पा आधीच गृहीत धरला असता तर निघायची वेळ सातची ठेवता आली असती आणि गाड्या सुरू व्हायच्या आत तो भाग उरकला असता. पर्यायी वाट फक्त नकाशावर पाहिली होती, तीही पायाने चालून बघायला हवी.

शेतांतून जाताना दोन ठिकाणी मालक भेटले आणि त्यांनी आनंदाने जाऊ दिलं. तरी आधी एकदा जाऊन विचारणं हेच रीतीला धरून झालं असतं. ऊसतोडीच्या दिवसांत तर नक्कीच, कारण पाणंद त्यांच्या ट्रॉल्यांसाठी आहे.

घाटावरच्या जुन्या झाडांवर आणि देवळांच्या उंच भागात आग्या मोहोळ असू शकतं, आणि उग्र वासाने किंवा धुराने त्या माश्या उठतात. त्या दिवशी दोघांनी भरपूर अत्तर लावलं होतं. काही झालं नाही, पण पुढच्या वेळी सूचनापत्रात अत्तर, धूर आणि फटाके यांची मनाई पहिल्या ओळीत असावी. स्वच्छतागृहाची सोय मधल्या तीन किलोमीटरवर नाही, हेही बायकांना निघण्याआधी स्पष्ट सांगायला हवं होतं. एकीने त्यासाठी पाणी पिणंच टाळलं. हे गंभीर आहे आणि संयोजकांनी ते आपल्या यादीत वर आणलं आहे.

सनावळीचा एक कागद प्रत्येकाच्या हातात असायला हवा: १६५९, १७३९, १७६१, १७६२, १७६८, १८००. शेवटचं साल नानांच्या मृत्यूचं. सहा आकडे पुरतात. काकांच्या वहीभोवती घोळका झाला तेव्हा मागच्यांना काही दिसत नव्हतं.

एका मुद्द्यावर मतभेद अजून आहे. सरांना वाटतं की ही फेरी पावसाळ्याच्या अखेरीस, पाणी चढलेलं असताना, निदान वाईच्या पुलावरून तरी बघायला हवी, तरच मत्स्याकार भिंतीचं काम कळेल. ताईंना गट घेऊन पुराच्या दिवसांत घाटाजवळ जायचं नाही. मी सरांना सुचवलं आहे की पूर असताना त्यांनी एकट्याने, गावातल्या माणसाला बरोबर घेऊन, वरून फोटो काढावेत आणि जानेवारीत त्याच भिंतीपाशी उभं राहून ते गटाला दाखवावेत. ताईंनी त्याला होकार दिला आहे. धोमसाठी फेब्रुवारीतला वेगळा शनिवार धरला आहे, गाडीने जायचं आणि फक्त कुंडाभोवती चालायचं, म्हणजे आजोबांना पूर्ण वेळ बरोबर राहता येईल.